दिवे लावणारे सर

कॉलेजात प्राध्यापक पुष्कळ असतात. पण शिपाई धापा टाकत येऊन नुसतं "सरांनी बोलावलंय" म्हणाला, की ते सर म्हणजे एकच : जिमखाना सर. कागदोपत्री त्यांचं पद 'शारीरिक शिक्षण संचालक' असं भारदस्त असतं, पण ते नाव पगारपत्रकावर आणि निवृत्तीच्या निमंत्रणपत्रिकेवर छापण्यापुरतंच. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही कॉलेजात जा. ऑफिसच्या मागं, सायकल स्टँडला लागून एक अंधारी खोली असते. आत लोखंडी कपाट, कपाटावर कप, कपांत पावत्या. समोर मोडक्या कॅरमबोर्डावर परिपत्रकं पसरून सर बसलेले असतात. गळ्यात शिट्टी, पाठीवर कधीच्या तरी स्पर्धेचं नाव छापलेला ट्रॅकसूट, आणि खिशात इन्शुलेशन टेप. लग्नालाही ते हाच ट्रॅकसूट घालून जातात. फक्त शिट्टी काढून ठेवतात.

आम्ही प्राध्यापक मंडळी एकेका विषयाची. सरांचा विषय मात्र विद्यापीठाच्या यादीत जेवढे खेळ आहेत तेवढे सगळे. स्वतः ते खेळले एकच खेळ, कबड्डी, तीही लेफ्ट कॉर्नरला. बाकीचे खेळ नोकरीत आल्यावर अंगावर पडले. त्यामुळे त्यांची सगळी क्रीडादृष्टी कबड्डीची. बुद्धिबळाच्या पोरांनाही ते सामन्याआधी मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावतात. स्टाफमधल्या कुणालाही ते नावानं हाक मारत नाहीत, विषयानं मारतात. "ओ फिजिक्सवाले!" "अकाउंटवाले, जरा इकडं या." मी 'मराठीवाल्या बाई'. मुलींचा संघ परगावी निघाला की बरोबर बाई लागतात, आणि मराठीच्या बाईंना काय काम असतं, या सर्वमान्य समजुतीनं संघाची मॅनेजर म्हणून दरवेळी माझंच नाव लागतं. त्यामुळे सर मला पाहायला मिळाले ते पुढच्या बाकावरून.

सरांचं एक शास्त्र आहे. ते सांगतात, "बाई, पदक कुठं मिळतं? जिथं गर्दी नाही तिथं." शिवाजी विद्यापीठ 1962 सालचं, हद्द कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांची. या हद्दीत कुस्तीत उतरायचं म्हणजे कोल्हापूरच्या तालमी आणि सांगलीचे मल्ल आधी अंगावर घ्यायचे. सातारा जिल्ह्यात गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत ब्राँझ आणलं, तेव्हापासून आमच्याकडं कुस्तीला 'सोपी' म्हणायची कुणाची छाती नाही. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, सगळीकडं तीच रेटारेटी. म्हणून सर दर जूनला परिपत्रक घेऊन बसतात आणि रिकामा खेळ शोधतात. असा शोधता शोधता त्यांना तलवारबाजी सापडली, आणि तिच्या नियमात तर खजिनाच सापडला : ऑलिंपिक सोडलं, तर या खेळात वैयक्तिक प्रकारात तिसऱ्या जागेसाठी लढतच होत नाही. उपान्त्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही ब्राँझ.

"म्हणजे बघा," सर माझ्या टेबलावर खडूनं लिहू लागले, "एका प्रकारात चारच एंट्री आल्या, तर चौघांनाही पदक! नॅकच्या पाचव्या निकषात पदकांचा रकाना आहे. तो रकाना काय विचारतो? किती पदकं. किती जणांत, हे विचारत नाही."

खेळाला पैसे मात्र संस्थेकडून काढायचे होते. त्याचाही मुहूर्त सरांनी साधला. 2024च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, आणि अख्खा जिल्हा रांग लावून उभा राहिला. आमचे अध्यक्षही सहकुटुंब पाहून आले. दुसऱ्या दिवशी सर हजर.

"साहेब, आपलं कॉलेज राजधानीत. दसऱ्याला जलमंदिरात भवानी तलवारीची पूजा होती, आणि आपल्या पोरांच्या हातात काय, तर रॅकेट?"

अध्यक्ष हलले. पण तयारीचे होते. "मग दांडपट्टा का नको? सरकारनं यंदाच राज्यशस्त्र केलंय."

"दांडपट्ट्याला वस्ताद लागतो, साहेब. वस्तादाला खुराक लागतो. याला फक्त प्लग लागतो."

एका सभासदानं शंका काढली, की हा गोऱ्यांचा खेळ, आपल्याला कशाला? सरांनी तीही तिथंच मोडली. मराठ्यांच्या फिरंग तलवारींची पाती युरोपातूनच यायची; मूठ आपली, पातं त्यांचं. "तवा चाललं, मग आता का चालू नये?" ही माहिती सरांनी सकाळीच माझ्याकडून घेतली होती. ठराव मंजूर झाला.

तीन आठवड्यांनी खोकी आली. अध्यक्ष मोठ्या उत्सुकतेनं स्वतः उघडायला आले. आत जिरेटोपाच्या तोडीचं काहीतरी असेल या अपेक्षेनं त्यांनी हात घातला, आणि बाहेर निघाली एक फॉइल. वजन अर्ध्या किलोच्या आत, पातं 90 सेंटिमीटर, धार नाही, टोकाला बोथट बटण आणि बुडाला वायर. अध्यक्षांनी ते टोक तळहातावर दाबून पाहिलं.

"सर, यानं वांगं तरी चिरतं का?"

"चिरायचं नसतंय, साहेब. हे बटण समोरच्याच्या जॅकिटावर दाबलं की मशिनीवर दिवा लागतो."

"म्हणजे एवढा पैसा खर्चून तुम्ही दिवे लावणार."

"होय साहेब," सर शांतपणे म्हणाले. "एक लाल आणि एक हिरवा."

त्या बिलाची आणखी एक गंमत झाली. बिलावर 'फेन्सिंग साहित्य' लिहिलेलं. अकाउंट सेक्शननं ते वाचून रक्कम बिनघोर 'मैदान व कुंपण' या शीर्षाखाली टाकली. वर्षअखेरीला ऑडिटर कुंपण बघायला मैदानावर गेले. तिथं त्यांना तीन म्हशी चरताना दिसल्या. मुखवटा घातलेल्या दोन पोरांना त्यांच्यापुढं उभं करून सरांनी प्रकरण मिटवलं. तो शेरा मात्र अजून फायलीत आहे.

आता खेळाडू पाहिजेत. सरांनी कुठूनसं वाचलं, की तलवारबाजीत डावखुऱ्याला भाव असतो. सगळ्यांचा सराव उजव्या हाताच्या माणसाशी झालेला. समोर डावखुरा आला की पातं भलत्याच बाजूनं येतं आणि भले भले गडबडतात. पण डावखुरी पोरं शोधायची कुठं? आपल्याकडं डावखुरं पोर घरातच उजवं करतात. डाव्या हातानं घास उचलला की पाठीत धपाटा, प्रसाद घ्यायला हात पुढं केला की आजी म्हणते, "दुसरा हात कर." उरतो तो पेन धरायचा हात. तो मास्तरही सहसा बदलत नाहीत.

म्हणून सरांनी परीक्षा विभागाकडं जाऊन स्वतःहून सुपरव्हिजन मागून घेतलं. त्या विभागाच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. तिथल्या क्लार्कनं आधी त्यांना तब्येत विचारली. परीक्षा सुरू झाली, आणि सर बाकांच्या रांगांतून हळूहळू फिरू लागले. प्रत्येकाच्या हाताकडं टक लावून पाहत, मधेच चिठ्ठीवर काहीतरी टिपत. ज्यांच्या बाहीत चिठ्ठ्या होत्या त्यांनी त्या गिळल्या. त्या सत्रात आमच्याकडं कॉपीचं एकही प्रकरण झालं नाही, याचं श्रेय प्राचार्यांनी आपल्या भाषणात 'कडक शिस्ती'ला दिलं.

पेपर सुटल्यावर सरांनी कऱ्हाडकडच्या एका एस. वाय.च्या मुलीला थांबवलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"सर, शप्पथ, मी कॉपी केली नाही."

"कॉपी केलीस का नाही ते मला नकोय. तू पेन डाव्या हातात धरतीस?"

"लहानपणी लई मार खाल्लाय त्यापायी, पण जात नाही सर."

"जाऊ नको देऊ!" सर जवळजवळ ओरडलेच. "उद्या सात वाजता जिमखान्यात ये."

मग तिला, आणि तिच्याबरोबर आलेल्या सगळ्यांनाच, त्यांनी भवानी देवीची गोष्ट सांगितली. चेन्नईची मुलगी. शाळेत खेळ निवडायची वेळ आली तेव्हा बाकीच्या खेळांच्या जागा भरलेल्या, तलवारबाजीची तेवढी रिकामी. म्हणून ती तिकडं गेली. सराव बांबूच्या काठ्यांनी. पुढं तीच ऑलिंपिकला पोचलेली पहिली भारतीय तलवारबाज झाली. 2021 साली टोकियोत पहिली लढत 15-3 अशी जिंकली, दुसऱ्या लढतीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून 7-15 अशी हरली. "तर पोरांनो," सरांनी तात्पर्य काढलं, "रिकामी जागा दिसली की बसायचं. एस.टी.त आणि खेळात हाच नियम."

शिकवायला साताऱ्याच्या क्रीडा संकुलात खेळून तयार झालेला एक माजी विद्यार्थी यायचा. सर बाजूला खुर्ची टाकून बसायचे आणि पाच-पाच मिनिटांनी "अजून वाक" म्हणायचे. तलवारबाजीतला लंज, म्हणजे पुढचा पाय लांब फेकून हात सरळ करणं, त्यांना पाहताक्षणी पटला : "हा तर आपला टो-टच! फक्त हातात काठी आलीय." जॅकेटवर '350 न्यूटन' असं छापलेलं होतं, त्याचा अर्थ विचारायला ते फिजिक्सवाल्यांकडं गेले. तिथं फळ्यावर अर्धा तास बलाची एककं ऐकून परतले आणि पोरांना म्हणाले, "बनियनपेक्षा जाड आहे. बिनधास्त घाला."

हत्यारं तीन : फॉइल, ईपी आणि सेबर. फॉइलमध्ये फक्त धड मोजतात. ईपीत डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळं अंग चालतं. सेबरमध्ये कमरेच्या वरचं सगळं, आणि तिथं टोकाबरोबर धारेचा फटकाही धरतात. कुणाला काय द्यायचं हे सरांनी स्वभाव बघून ठरवलं. ताडमाड पोरांना ईपी. चटकन डोकं फिरणाऱ्यांना सेबर. आणि वर्गात प्रत्येक गोष्टीला "पण का?" म्हणणाऱ्यांना फॉइल, कारण त्या हत्यारात वाद फार. पुढं एका जाणत्या पंचांना मी ही वाटणी सांगितली. ते हसले नाहीत. "बरोबरच आहे," म्हणाले.

फॉइलमधला तो वाद म्हणजे अग्रहक्क. दोघांची टोकं एकाच वेळी टेकली आणि दोन्ही दिवे लागले, तर गुण कुणाला? ज्यानं हल्ला आधी सुरू केला त्याला. पण समोरच्यानं तो पात्यानं परतवून उलटा वार केला असेल, तर त्याला. माजी विद्यार्थ्यानं हे आठवडाभर समजावलं, मला काडीचं कळलं नाही. सरांना मात्र एका दमात कळलं. वर्षानुवर्षं ते कॉलेजच्या शिस्तपालन समितीवर आहेत. फाटक्या शर्टांची दोन पोरं समोर उभी, दोघांनाही लागलेलं, आणि प्रश्न एकच : सुरुवात कुणी केली? "समितीत आम्ही हेच करतो की," सर म्हणाले. "फरक एवढाच, आमच्याकडं सुरू करणाऱ्याला सस्पेंड करतात, इथं त्याला गुण देतात."

विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सांगलीत होती. साताऱ्याहून आम्ही पहाटेची एस.टी. धरली. किटच्या लांबलचक पिशव्या बघून कंडक्टरनं विचारलं, "यात काय?" एका पोरानं अभिमानानं "तलवारी" सांगितल्यावर गाडीत क्षणभर सामसूम झाली. मग मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं वाकून विचारलं, "कुठल्या शिरेलीचं शुटिंग हाय? वाईचं का?" आमच्या जिल्ह्यात तलवार हातात दिसली की माणूस एकतर मिरवणुकीतला असतो नाहीतर मालिकेतला. सरांनी म्हाताऱ्याला पेठनाक्यापर्यंत तलवारबाजी समजावून दिली. उतरताना तो म्हणाला, "म्हंजे रगत न्हाई? मग उगंच."

पुढं आष्ट्याच्या सुमारास मी सरांना मिरजेची गोष्ट सांगितली. हत्यारांना धार लावणारे शिकलगार तिथं होते. एकोणिसाव्या शतकात तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर सतार-तंबोऱ्यांकडं वळले, आणि आज मिरज ओळखली जाते ती त्या वाद्यांसाठी. सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्यांना ट्रेनिंग कुणी दिलं?"

"कुणी देणार? करत करत शिकले असतील."

"मग आमचं काय चुकतंय?" असं म्हणून सरांनी डोळे मिटले.

हॉलवर पोचलो तर यजमान कॉलेजचे सर (तेही अर्थातच ट्रॅकसूटमध्ये) गुडघ्यांवर बसून टेप लावत होते. दोन्ही सरांची नजरानजर झाली आणि आमचेही न सांगता खाली बसले. अडचण अशी होती, की बॅडमिंटनचं कोर्ट 13.40 मीटर आणि तलवारबाजीची पिस्ट 14 मीटर. वरचे 60 सेंटिमीटर कुठून आणायचे? मागच्या रेषेपलीकडं दोन्ही पाय गेले की समोरच्याला फुकटचा गुण, तेव्हा कमी करून चालणार नाही. दोघांनी मिळून पिस्ट दोन्हीकडं तीस-तीस सेंटिमीटर बाहेर काढली, वाटेत येणारा भेळीच्या पुड्यांचा कचऱ्याचा डबा उचलला, आणि एकमेकांना टाळी दिली. सातारा थोर की सांगली, राजधानी थोर की नाट्यपंढरी, हा वाद पोरांत दिवसभर पेटला होता. या दोघांत मात्र टेपचा एकच रोल चालला.

मग हत्यारांची तपासणी. फॉइलच्या टोकावर 500 ग्रॅमचं वजन ठेवतात. आतल्या स्प्रिंगनं ते परत वर उचललं तर हत्यार पास. आमच्या एका फॉइलची स्प्रिंग रुसली होती. सरांनी खिशातून बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला, चष्मा कपाळावर चढवला, टोकाचे दोन कणीएवढे स्क्रू काढून जिभेच्या टोकावर ठेवले. आतली स्प्रिंग पुसली, बोटानं किंचित ताणली, परत बसवली. टोकाजवळच्या पात्याला विजेपासून राखण्यासाठी टेप लागते, तीही नव्यानं गुंडाळली, एकही सुरकुती न पडू देता. हे सगळं तोंडातल्या स्क्रूंसकट आणि बोलणं न थांबवता. हत्यार पास झालं. माझ्या लक्षात आलं, की लढतीतलं काही कळत नसलेला हा माणूस लढत सुरू व्हायला जे जे लागतं ते सगळं जाणतो.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे यायचे होते आणि ते प्रमुख असल्यामुळे उशीर करत होते. दारात हलगीवाले, आत हार-पुष्पगुच्छ घेतलेल्या मुली, खुर्च्यांवर अवघडलेले प्राचार्य. तेवढ्यात पंचांनी मशीन तपासायला दोघांना पिस्टवर घेतलं. या खेळाच्या आज्ञा फ्रेंचमध्ये. पंच खणखणीत आवाजात म्हणाले, "आँ गार्द... प्रे... आले!"

हलगी कडाडली. मुली पुष्पगुच्छ घेऊन दाराकडं धावल्या. सगळा हॉल उठून उभा राहिला, आणि सरांनी तर दिसेल त्या माणसाला हार घातला. तो पाण्याचे जार टाकायला आला होता. खरे पाहुणे दीड तासानं आले, तेव्हा कुणी उठलंच नाही. सगळ्यांना वाटलं, पंच पुन्हा मशीन तपासतायत.

पण खरी गोष्ट त्याआधीच, एंट्रीच्या टेबलाशी घडली होती. मुलींच्या सेबरला तीनच नावं आली होती. सरांचे डोळे लकाकले. फॉइलला मुलींची गर्दी, सेबरला चौथी जागा मोकळी! त्यांनी डावखुऱ्या पोरीला बाजूला घेतलं. "हे बघ, सेबरला गेलीस तर हरलीस तरी ब्राँझ. लिहू?"

ती म्हणाली, "सर, मग ते पदक कुणाला हरवून मिळालं म्हणून घरी सांगू?"

सरांकडं प्रत्येक प्रश्नाला एक परिपत्रक असतं. याला नव्हतं. त्यांनी फॉर्मवर तिचं नाव फॉइलपुढं लिहिलं, अक्षर नेहमीपेक्षा जरा वाकडं आलं. पण रिकामी जागा रिकामी सोडतील तर ते सर कसले? पाण्याच्या बाटल्या भरायला एक मुलगी बरोबर आणली होती. बॅडमिंटनच्या राखीव खेळाडूंतली, बुजरी, सरावाला नियमित यायची पण कोपऱ्यात उभी राहायची. सरांनी तिला बोलावलं. "बाळ, जॅकेट घाल. काय करायचं नाही. नुसतं उभं राहायचं."

तिनं तसंच केलं. गटात तीन लढती. 0-5, 0-5, 1-5. तो एक गुण कसा मिळाला ते तिलाही कळलं नाही. समोरची धावून आली, हिनं भीतीनं हात पुढं धरला आणि दिवा लागला. पंचांनी तिच्या बाजूचा हात वर केला, तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं, की आपल्यामागं कोण आहे.

फॉइलमध्ये डावखुरी गटातल्या लढती सुटसुटीत जिंकत गेली. सर मात्र कुठलाही दिवा लागला की "लागला! लागला!" करून नाचत. फॉइलमध्ये पांढरा दिवाही असतो. वार धडाबाहेर हातापायावर लागला की तो लागतो आणि त्याला गुण नसतो. सरांना रंगाशी देणंघेणं नव्हतं. उपांत्यपूर्व फेरीत तर कबड्डीच उसळून आली. "धर! धर तिला! मागं जाऊ देऊ नको, पाय धर!" पंचांनी लढत थांबवली, सरांकडं आले आणि पिवळं कार्ड दाखवलं. बाहेरून गोंधळ घालणाऱ्यालाही ते दाखवता येतं. पुन्हा घातला तर काळं कार्ड आणि हॉलबाहेर. सरांनी बाकावर बसलेल्या आमच्या पोरांकडं वळून विचारलं, "याला काही गुण असतात का?"

उपान्त्य फेरी सांगलीच्या एका कसलेल्या मुलीशी. त्याआधी सरांनी आमच्या मुलीला भाषण ठोकलं. प्रतापगडाचा जिवा महाला निघाला, तळबीडचे हंबीरराव मोहिते निघाले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, त्यांना हातापायावर वार केला तर पांढरा दिवा लागत नव्हता." पंधरा गुणांची लढत. 5-8, 10-10, 13-14, मग 14-14. हॉल शांत. दोघी एकदमच सुटल्या. खट्. लाल आणि हिरवा, दोन्ही दिवे. पंचांनी क्षणभर थांबून हातानं खूण केली आणि गुण सांगलीला दिला.

आमची पोरं खवळली. "सर, अन्याय! दिवा आपलाही लागला! अपील करा!" मीही तावात उभी राहिले. सर बसूनच होते.

"खाली बसा, बाई," ते म्हणाले. "सुरुवात तिनं केली होती. आपलीचा हात नंतर आला. मी पाहिलं."

दिवसभर पांढऱ्या दिव्याला नाचलेल्या माणसानं तेवढी एक गोष्ट आमच्यातल्या कुणाहीपेक्षा नेमकी पाहिली होती. आमच्या मुलीनं मुखवटा काढला, पात्यानं सलामी दिली, हात मिळवला आणि येऊन म्हणाली, "बरोबर होतं, सर. मला उशीर झाला."

संध्याकाळी बक्षीससमारंभात आमच्या दोन मुली शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोघींच्याही गळ्यात ब्राँझ. एकीनं दिवसभर झुंजून मिळवलेलं, दुसरीनं नुसतं उभं राहून. पदकं अगदी सारखी, रिबिनीसुद्धा. पुढं विद्यापीठाच्या संघाची यादी लागली. फॉइलच्या संघात डावखुरीचं नाव होतंच. सेबरच्या संघातही चार जणी लागतात, आणि जिल्हे तीन असले तरी सेबरवाल्या चारच. पाण्याच्या बाटल्या भरायला आलेली पोरगी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघाली.

तिच्या वडिलांचा फोन आला. सर स्पीकरवर बोलतात, त्यामुळे तो सगळ्या स्टाफरूमनं ऐकला.

"सर, याचा नोकरीला काय उपयोग?"

"आंतरमहाविद्यालयीन ब्राँझचा काही नाही. पण वाट इथनंच जाती. पाच टक्के आरक्षण, 1 जुलै 2016चा शासन निर्णय. पाठवू का?"

"ते असू द्या. पोरगी तलवार चालवती म्हणल्यावर स्थळं येतील का?"

"येतील की," सर म्हणाले. "जरा अंतर ठेवून बोलतील, एवढंच."

पोरगी मात्र या सगळ्याच्या पुढं गेली होती. अपमान म्हणा की तो एक गुण म्हणा, काहीतरी तिच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी साडेसहाला जिमखान्याच्या दारात उभी राहू लागली आणि किल्ली सरांकडं असल्यामुळे सरांनाही साडेसहाला यावं लागू लागलं. सेबर शिकवणारा माणूस पाहिजे म्हणून सर सगळीकडं फोन करतायत. त्याचं मानधन कुठल्या शीर्षाखाली दाखवायचं, यावर अकाउंटवाल्यांशी त्यांची रोज बैठक असते. 'कुंपण दुरुस्ती' हा पर्याय विचाराधीन आहे. आरशासमोर पाय फेकत ती पोरगी एकटीच घामाघूम होते आणि सर खुर्चीवर बसून जांभया देत "अजून वाक" म्हणतात.

परवा मला वाटेत थांबवून ते तक्रार करत होते. "बाई, झोपेचं पार वाटोळं झालंय. आता ती म्हणती, सर, मला खरंच जिंकायचंय. आजवर मी पोरांना पदक मिळवून देत होतो. आता हिला खेळ शिकवायचा म्हणजे मला आधी शिकावा लागंल. तरी मी त्या दिवशी म्हणत होतो, पाण्याच्या बाटल्या भरायला एखादं पोरगं न्यावं."